सतराच्या पाढ्याबद्दल

ती. काकांना सा. न. वि. वि.

दहाही बोटं शाबूत आहेत, हे सगळ्यात आधी सांगते.

फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला, उत्तर ध्रुववृत्ताच्या काठावर, फेब्रुवारीत 150 किलोमीटरची शर्यत होते. वाट गोठलेल्या नद्या-तळ्यांवरून आणि जंगलातून जाते. कुणी सायकलवर, कुणी स्कीवर, कुणी माझ्यासारखं पायी. झोपायची पिशवी, स्टोव्ह, खाणं असं सगळं सामान घसरगाडीवर लादून कमरेला बांधून ओढायचं. ओढण्याचा सराव पुण्यातही होतो. पंक्चरवाल्याकडून जुना टायर आणून मी चार महिने तळजाई टेकडीवर ओढत होते. पण थंडी आणायची कुठून? आपल्याकडे पहाटे आठ अंश झाले की शेकोट्या पेटतात. दोन कोल्ड स्टोरेजवाल्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. मार्केट यार्डाजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तुम्ही भेटलात. तुम्ही मालकांशी बोललात आणि पाळी संपल्यावरही माझ्यासाठी थांबलात. एक-दोनदा नाही, आठवड्यातून तीन रात्री.

उणे 18 अंशांच्या त्या खोलीत, सासवडच्या मटाराच्या खोक्यांमध्ये मला वाटलं होतं की गारठा सहन करायला शिकायचंय. तुम्ही पहिल्याच रात्री जाकीट काढायला लावलंत. ‘हमाल गारठ्यानं आजारी पडत नाही पोरी, घामानं पडतो. बाहेरून घामेजून आत आला की संपलं.’ निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, चालायला लागलं की अंग आपोआप तापतं, हे मी तिथे शिकले. तिकडे सुरुवातीलाच जाड कपडे घालून सुटलेले दोघं तासाभरात ओलेचिंब झालेले पाहिले, तेव्हा तुमचा आवाज अगदी कानाशी होता.

मग स्टोव्ह. माझा गॅसचा डबा हातात घेऊन तुम्ही म्हणालात, यात ब्युटेन जास्त असेल तर हा तिकडे पेटणार नाही. आपल्या पाइपांतला अमोनिया उणे 33 लाही उकळतो आणि उकळताना उष्णता ओढून घेतो, म्हणून ही खोली गार होते; ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेला की उकळायचाच थांबतो, मग ज्योतीला वाफ कुठून मिळणार? इतक्या सोप्या शब्दांत मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह नेला. तिथे बर्फ वितळवल्याशिवाय प्यायला पाणी नाही, म्हणजे तुम्ही मला पाणीच दिलंत.

झिपांना दोऱ्या बांधणं, हातमोजे न काढता गाठी सोडणं, हेही तुमचंच. तुमच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बधिर आहेत, तरुणपणी उघड्या हातानं गार पाइप धरल्यामुळे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं तुम्ही उगाच माझ्या हातांकडे बघत बसता.

आणि पाढा. तुम्ही दर दहा मिनिटांनी दार ठोठावायचात: ‘सतराचा म्हण!’ मी चिडायचे. गारठा आधी जीभ जड करतो, मग डोकं, आणि डोक्याला ते कळत नाही, म्हणून दुसऱ्यानं विचारायचं असतं, असं तुमचं म्हणणं. जीभ अडखळली की तुम्ही मला बाहेर काढायचात.

तिकडे विचारायला कुणी नव्हतं. पहिल्या रात्री पारा उणे 27 वर होता. इतक्या थंडीत बर्फ वाळूसारखा होतो, गाडी घसरतच नाही. मला अचानक फार बरं वाटायला लागलं, बसावंसं वाटलं. घसरगाडीवर टेकले आणि सवयीनं सुरू केलं. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचा पंच्याऐंशी. पुढे काहीच नाही. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. तेव्हा मी घाबरले काका, आणि घाबरले म्हणून उठले. मोठं जाकीट चढवलं, काखेत हात दाबून धरले, तूप-गुळाचे तुकडे तोंडात विरघळू दिले, जागच्या जागी उड्या मारल्या. सतरा सक एकशे दोन म्हणता आलं तेव्हाच पाऊल पुढे टाकलं. उजेड होईपर्यंत तो पाढा किती वेळा म्हटला, मोजलं नाही.

शर्यत पूर्ण झाली. पण मला रोज आठवते ती मटाराची खोली, आणि दाराबाहेर स्टुलावर मफलर गुंडाळून बसलेले तुम्ही, घरी जेवण थंड होत असताना.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, परत आलीस की बोटं मोजून घेणार. गुरुवारी रात्री तुमची पाळी संपेल तेव्हा येते. मोजून घ्या.

तुमची,
टायरवाली पोरगी