ब्रिमस्टोन हिल कोणी बांधला?

प्रिय बाळ्या,

फार दिवसांत पत्र नाही, चिडला असशील. तब्येत ठीक. परवा बोट कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटाला लागली, थोडी सुट्टी मिळाली आणि किल्ला बघून आलो. इथे कुणाशी बोलणार? म्हणून तुला लिहितोय.

ब्रिमस्टोन हिल समुद्राला लागूनच, ८०० फुटांचा ज्वालामुखीचा डोंगर. १६९० मध्ये खालचा फोर्ट चार्ल्स फ्रेंचांकडून सोडवायला इंग्रजांनी वर तोफा चढवल्या, मग शंभर वर्षं बांधकाम चालूच. १७८२ मध्ये ८,००० फ्रेंचांचा वेढा पडला, आत हजारेक माणसं. आणि ऐक, किल्ल्यासाठी आलेल्या मोठ्या तोफा वर नेल्याच नव्हत्या! पायथ्याला पडलेल्या त्या तोफा फ्रेंचांनी किल्ल्यावरच डागल्या. महिनाभर झुंजून गड पडला. पुढच्याच वर्षी तहात इंग्रजांना परत मिळाला.

पण मी अडकलो तटापाशी. काळा दगड, कोपरे नेमके घडवलेले, सांध्यांत चुना. चुनखडी त्याच डोंगराच्या उतारावरची. हे सगळं आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचं काम. दगड त्यांनी फोडला, घडवला, वर चढवला. बुरुजाला नाव प्रिन्स ऑफ वेल्सचं, बालेकिल्ल्याला राजा जॉर्जचं.

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवरचं आपलं भांडण आठवतं? तू म्हणालास, गड बांधणाऱ्या हिरोजीचं नाव कोरलंय, बस्स. मी म्हटलं, पाथरवटांची कुठायत? तू गड उतरेपर्यंत बोलला नाहीस, माझी भाकरी मात्र खाल्लीस. माझं म्हणणं आजही तेच आहे. तिथे निदान एक पायरी तरी आहे रे. इथल्यांना मजुरी नाही, घरी परतणं नाही, नाव नाही. माथ्यावरून पलीकडचं सिंट युस्टेशियस बेट दिसतं. पाठीवर दगड घेऊन चढणाऱ्याने मान वर करून ते कधी पाहिलं असेल का? रात्री झोपच लागली नाही.

१८५३ मध्ये पलटण गेली आणि लोकांनी इथले घडीव दगड काढून नेले. १९९९ पासून तो जागतिक वारसा आहे, जपणूक छान आहे. तरी दगड नेणाऱ्यांना मी चोर म्हणणार नाही. त्यांच्याच आज्यापणज्यांनी घडवले होते ते.

तू इतिहास शिकवतोस, पोरांना हे सांगशील ना?

बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार. जानेवारीत उतरतोय, रजा टाकून ठेव.

तुझा,
नंदू