धर्मादाय रुग्णालये: खाटांबरोबर घरांचाही हिशेब हवा

मा. संपादक,

धर्मादाय रुग्णालयांची चर्चा आपल्याकडे खाटांवर सुरू होते आणि अनामत रकमेवर संपते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. हे काटेकोर पाळले गेलेच पाहिजे. पण बरा झालेला पेशंट ज्या खोलीत परत जातो, त्या खोलीबद्दल या योजनेत एक ओळही नाही.

अमेरिकेत ना-नफा रुग्णालयांना करमाफी मिळते ती समाजाला दिलेल्या लाभाच्या बदल्यात. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार त्यांना दर ३ वर्षांनी परिसराच्या आरोग्यगरजांची पाहणी करून आराखडा करावा लागतो. चुकल्यास ५० हजार डॉलर भरावे लागतात. वार्षिक विवरणपत्रात घरांवरच्या खर्चासाठी वेगळा रकाना आहे. मेख अशी, की त्या रकान्यातला खर्च आपोआप समाजलाभात धरला जात नाही. त्यातून आरोग्याची नेमकी कोणती गरज भागली, हे कागदोपत्री दाखवावे लागते. ही अट आम्हाला योग्य वाटते. नाहीतर सुशोभीकरणही त्यात खपून जाईल.

ओहायोतील कोलंबसच्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलने २००८ पासून शेजारच्या सदर्न ऑर्चर्ड्स वस्तीत घरांचे काम केले. रुग्णालय स्वतः बिल्डर झाले नाही. वस्तीत आधीपासून काम करणारी चर्चशी जोडलेली संस्था आणि शहर प्रशासन यांना सोबत घेतले. ओसाड घरे दुरुस्त केली, मोकळ्या प्लॉटवर नवी बांधली, राहत्या मालकांना डागडुजीसाठी अनुदान दिले. पुढे ५८ भाड्याच्या घरांची इमारत उभी राहिली. नोकरीचे प्रशिक्षणही तिथेच. २००८ मध्ये वस्तीतली २५ टक्क्यांहून अधिक घरे रिकामी होती, २०१७ पर्यंत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. अशा कामात धोका नंतर उभा राहतो. वस्ती सुधारली की भाडी चढतात आणि ज्यांच्यासाठी सगळे केले त्या भाडेकरूंनाच उठावे लागते. म्हणून भाड्याची मर्यादा अनुदानाच्या करारातच घालून घ्यावी. पैसे देऊन झाल्यावर मालक ऐकत नाही.

बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलचा मार्ग त्याहून स्वस्त आहे. तिथे २००५ पासून दम्याच्या मुलांच्या घरी आरोग्यसेवक जातात. गादी-उशीला चेनचे अभ्रे, बारीक धूळ धरून ठेवणारा व्हॅक्यूम क्लीनर आणि झुरळांचा बंदोबस्त. झुरळांसाठी फटी बुजवाव्यात, ओट्यामागे जेलचे ठिपके लावावेत. कीटकनाशकाच्या फवाऱ्याने मुलाचा दमाच उसळू शकतो. ओलीचेही तसेच. ओल्या भिंतीवर रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात बुरशी त्याच जागी उगवते. आधी गळती बंद करायची, फुगलेला गिलावा खरवडायचा, भिंत पूर्ण सुकू द्यायची, रंग सगळ्यात शेवटी.

मुंबईला हे लागू पडत नाही असे कोणी म्हणू नये. मानखुर्द-गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. पुनर्वसन इमारतींत जेमतेम ३ मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन-वारा नाही आणि क्षयरोगाचे प्रमाण जास्त. जिथे भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागते, त्या खोलीत सहा महिन्यांच्या गोळ्या पूर्ण करून घरातल्या इतरांना जपायचे कसे?

बाहेरगावच्या पेशंटसाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी सोय लागते. तो प्रश्न वेगळा. आम्ही बोलतो आहोत ते रुग्णालयाच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीबद्दल. सुरुवात केसपेपरपासून करता येईल: खोलीत किती माणसे झोपतात, भिंतीला ओल आहे का, खिडकी उघडते का? श्वसनाच्या प्रत्येक पेशंटला हे तीन प्रश्न विचारून उत्तरे पत्त्यानुसार लावली, तर वर्षभरात कुठल्या चाळीत आधी जायचे ते कळेल. धर्मादाय आयुक्तांनी रुग्णालयांच्या विवरणात घरदुरुस्तीचा स्वतंत्र रकाना घालावा. मात्र हा खर्च निर्धन रुग्ण निधीतून करू देऊ नये. त्या २ टक्क्यांवर आधीच गरिबांच्या शस्त्रक्रिया अवलंबून आहेत.

– सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील दोन कार्यकर्ते, मुंबई