नियोजनमंत्र्यांना खुले पत्र: रस्ता मोजला, मोरी राहिली

मा. नियोजनमंत्री यांस,
स. न. वि. वि.

पायाभूत सुविधांचा अहवाल म्हटला की किलोमीटर, मेगावॉट आणि खर्च झालेला निधी. तिन्ही आकडे दर वर्षी वाढतातच. मोडलेली वस्तू त्यांतून कधी वजा होते का?

पाच किलोमीटरचा रस्ता घ्या. तिसऱ्या किलोमीटरला मोरी खचली आहे. पावसाळ्यात तिथून पुढे ना ट्रक जातो, ना रुग्णवाहिका. नोंदवहीत रस्ता पाच किलोमीटरचाच. उद्या मोरी नव्याने बांधली की तो खर्च 'गुंतवणूक' म्हणून चढतो. म्हणजे हलगर्जीपणा झाला तरी आकडा वर! अशा आकड्यांवर पुढच्या पाच वर्षांचा आराखडा बेतणं म्हणजे मागच्या वर्षीच्या पावसावर यंदाची पेरणी.

मोजमापाची साधनं नाहीत असंही नाही. रस्ता किती खडबडीत आहे हे सांगणारा आंतरराष्ट्रीय निर्देशांक १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या चाचण्यांतून आला. दर किलोमीटरला गाडी एकूण किती मीटर वरखाली हिंदकळते, एवढाच त्याचा हिशेब. विजेचंही तसंच. स्थापित क्षमतेवरून यंत्रं किती ते कळतं. वर्षभरात ग्राहकाकडची वीज सरासरी किती मिनिटं गेली, ही नोंद वेगळी ठेवावी लागते, आणि कारखाना कुठे टाकायचा हे ठरवणारा तीच विचारतो.

बारमाही रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत किती ग्रामीण लोक राहतात, हे मोजणारा निर्देशांकही आहे. चांगला आहे, पण जपून वापरा. नकाशावर हे अंतर सरळ रेषेत धरलं, तर मधला ओढा दिसत नाही.

देखभालीचं मात्र ठासून सांगायला हवं. आफ्रिकेत वेळच्या वेळी १२ अब्ज डॉलर डागडुजीवर खर्च झाले असते, तर रस्ते नव्याने बांधण्याचे ४५ अब्ज वाचले असते, असं जागतिक बँकेच्या १९९४ च्या विकास अहवालात नमूद आहे. डागडुजीला फीत कापायची नसते, म्हणून ती राहून जाते, हे आपण जाणताच.

मागणी छोटी आहे. पुढच्या अहवालात लांबीच्या शेजारी एक रकाना वाढवा: गेल्या वर्षी हा रस्ता किती दिवस बंद होता. आणि तो भरायला, कृपा करून, ज्यांनी रस्ता बांधला त्यांना पाठवू नका.

आपला,
आकडेमोडीत केस पिकलेला एक नागरिक