दिव्यांगांच्या नौकाविहारासाठी आधी किनारा सज्ज करा : मा. बंदरे विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. बंदरे विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मालवण-देवबाग परिसरात दिव्यांगांसाठी नौकाविहाराचे ठरावीक दिवस सुरू करण्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

दिव्यांगांच्या जलपर्यटनाचा विषय निघाला की चर्चा लगेच खास बनावटीच्या महागड्या बोटीवर जाते. आम्ही या भागात होड्या चालवणारे, फिजिओथेरपीचे काम करणारे आणि व्हीलचेअर वापरणारे लोक आहोत. आमच्या मते बोट हा यातला सोपा भाग आहे. खरी अडचण व्हीलचेअर आणि बोट यांच्यामधल्या दोन-तीन फुटांची आहे. ती सोडवायला भरतीची वेळ साधावी लागते आणि किनाऱ्यावर शिकवलेली माणसं लागतात.

उधाणाच्या सुमारास आपल्याकडे पाणी साधारण दोन मीटर चढते-उतरते. व्हीलचेअरसाठी १:१२ (बारा फूट लांबीला एक फूट उंची) पेक्षा तीव्र उतार चालत नाही. म्हणजे पूर्ण ओहोटीला तरंगत्या जेट्टीवर उतरायचे तर २४ मीटर लांबीचा पूल लागेल. पण भरती पूर्ण झाल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण जितके उतरणार त्याच्या बाराव्या भागाइतकेच, म्हणजे जेमतेम १७ सेंटीमीटर उतरते. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र दर तासाला अर्धा मीटर. म्हणून भरतीच्या तासभर आधी माणसे बोटीत बसवावीत आणि भरतीनंतर तासाच्या आत उतरवावीत. दोन्ही वेळी पातळी जवळपास सारखी मिळते. फेरी लांबली की बोट जेट्टीच्या खाली जाते, आणि मग लोक बगलेत हात घालून माणसाला वर ओढतात. पोलिओ किंवा पक्षाघात झालेला खांदा अशा ओढण्याने सहज निखळतो.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशोब कोकणातल्या मच्छीमारांना तोंडपाठ आहे. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यावी, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच दोन तिथी सोयीच्या: सकाळी भरती मिळते आणि दुपारचा समुद्रावरून येणारा खारा वारा सुटायच्या आत सगळे परत येतात. जागा देवबागजवळच्या कर्ली खाडीच्या आतली हवी. उघड्या किनाऱ्यावर लाट बोटीला आडवी फिरवते.

एका बोटीमागे किनाऱ्यावर नऊ माणसे लागतात. चौघे उचलायला, दोघे नाळ (बोटीचे पुढचे टोक) आणि वऱ्याम (मागचे टोक) धरायला, एक नोंदवहीवर, एक व्हीलचेअरपाशी आणि एक व्हीएचएफ (बिनतारी) संच घेऊन पाण्यावर लक्ष ठेवायला. शिवाय इंजिन चालू ठेवलेली बचाव बोट. उचलताना हुकूम एकानेच द्यायचा, आणि आधी त्या व्यक्तीला विचारायचे: कुठे धरू, कुठे नको? उचलायची झोळी मांड्या आणि पाठ दोन्हींखाली पोचलीच पाहिजे. ओल्या उतारावर व्हीलचेअरच्या ब्रेकवर विसंबू नये. चाकांमागे लाकडी पाचर हवी.

मणक्याच्या इजेमुळे कमरेखाली संवेदना नसतील, तर उन्हात तापलेल्या फायबरच्या फळीवर बसल्याने भाजले तरी कळत नाही. फळीवर आधी ओले फडके, त्यावर दोन-तीन इंची फोमची गादी, पायात बूट, आणि फेरी चाळीस मिनिटांपेक्षा मोठी नाही. इजा मानेजवळ असेल तर घाम येत नाही आणि अंग पटकन तापते. अशांना सावली आणि पाण्याचा फवारा लागतोच.

१८ डिसेंबर २०२४ च्या मुंबईजवळील ‘नीलकमल’ प्रवासी बोटीच्या दुर्घटनेनंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली, हे योग्यच झाले. पण पाय बारीक झालेले शरीर पाण्यात वेगळे तरंगते आणि नेहमीचे जॅकेट गळ्याशी सरकते. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेले जॅकेट द्यावे आणि ते कमरेइतक्या पाण्यात घालून पाहावे. फिट्स येणाऱ्यांना चेहरा वर फिरवणारे जॅकेट द्यावे. शेजारी हाताच्या अंतरावर एक माणूस हवाच. आणि कोणालाही बोटीला किंवा खुर्चीला बांधू नये. बोट उलटली तर तो पट्टा जीव घेतो. सुरक्षेच्या नावाखाली हे सर्रास होते, म्हणून परिपत्रकात ते स्पष्ट लिहून मनाई करावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कलम २९ मनोरंजनाबद्दल आणि कलम ४१ वाहतुकीबद्दल आहे. त्या आधारे आमची मागणी मोठी नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाने कर्ली खाडीतली एक जेट्टी कठडा आणि १:१२ उतारासह दुरुस्त करावी. तिथे ९० सेंटीमीटर दाराचे शौचालय आणि गोड्या पाण्याचा नळ असावा. खारे पाणी व्हीलचेअरच्या पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये राहिले तर थोड्याच दिवसांत चाक अडकते, आणि ती खुर्ची म्हणजे त्या माणसाचे पाय असतात. तारकर्लीच्या स्कूबा डायव्हिंग संस्थेत स्थानिक तरुणांना या कामाचे प्रशिक्षण द्यावे. किनाऱ्यावरच्या नऊही जणांना रोजंदारी मिळावी. फुकटच्या मदतीवर असे दिवस टिकत नाहीत. या दिवशी बोटीत निम्मेच प्रवासी घ्यावे लागतात, त्याची भरपाई होडीवाल्याला मिळावी.

आदेश निघाला की हंगामातल्या द्वादशी-त्रयोदशीच्या तारखा आणि भरतीच्या वेळा आम्ही बंदर कार्यालयाला लेखी देऊ.

आपले,
मालवण-देवबाग परिसरातील होडीचालक, फिजिओथेरपिस्ट आणि व्हीलचेअर वापरणारे नागरिक