शस्त्रक्रिया मोफत होते, बाळापाशी थांबणे मोफत नसते : सांगली-मिरजेतील नागरिकांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

ज्यांच्या तान्ह्या बाळाच्या हृदयावर, ओठ-टाळूवर किंवा पोटावर शस्त्रक्रिया ठरली आहे, अशा सांगली जिल्ह्यातील आई-वडिलांना रुग्णालयातील मुक्कामात आणि घरी परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत साहाय्य करण्याचे काम आमची समिती करते. समितीत निवृत्त परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, हळदीच्या पेठेतील व्यापारी आहेत आणि स्वतःच्या बाळाला या प्रसंगातून पार नेलेले पालकही आहेत. या कामासाठी निधी, काही वस्तू आणि त्याहून अधिक माणसे यांची गरज असल्यामुळे हे आवाहन आपणांपुढे ठेवीत आहोत.

शस्त्रक्रियेचा खर्च शासन करते, मग तुम्हाला पैसे कशासाठी हवेत, असा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो आणि तो रास्त आहे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येऊन बालकांची तपासणी करतात, आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाकडे लक्ष ठेवतात, आणि जन्मजात दोष आढळलेल्या बाळाला पुढील उपचारांसाठी पाठविले जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षणही आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढलेले आहे. या योजनांमुळे आपल्या जिल्ह्यातील कित्येक बाळे वाचली आहेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तथापि त्याच योजनेतील एक तरतूद पाहावी. रुग्णाचे जेवण, घरी परतण्याचा एकवेळचा प्रवासखर्च आणि घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतची औषधे त्यात धरलेली आहेत. आमचा रुग्ण पाच महिन्यांचा असतो. तो जेवत नाही. जेवावे लागते ते त्याच्या आईला, आणि तिचे नाव रुग्ण म्हणून कोठेही लागलेले नसते.

मिरजेला वैद्यकीय परंपरा मोठी आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून सीमेपलीकडचे रुग्णही या गावात येत आले आहेत. तरीसुद्धा तान्ह्या बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया म्हटली, की येथील अनेक कुटुंबांना कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. जत तालुक्याच्या पूर्व भागातील माणसाला सांगलीला यायचे तर ८० किलोमीटरहून अधिक अंतर तोडावे लागते, आणि पुणे त्याच्याही पुढे. एस.टी.मध्ये महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, हा एक दिलासा. वडिलांचे तिकीट मात्र पूर्ण पडते, आणि ते ज्या दिवशी बाळापाशी असतात त्या दिवशी त्यांचा रोजगार बुडालेला असतो. तासगाव भागात द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर किंवा ऊसतोडीच्या हंगामात शस्त्रक्रियेची तारीख आली, तर घरातील वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या मुक्कामात जातो. काही पालक तारीख पुढे ढकलतात ती बेफिकिरीने नव्हे, या हिशेबाने. त्यांना दोष देण्यापूर्वी आपण तो हिशेब एकदा मांडून पाहावा, अशी आमची विनंती आहे.

दर १,००० जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. त्यांतील पुष्कळ बारीक छिद्रे आपोआप बुजतात. परंतु छिद्र मोठे असेल तर बाळ दूध ओढताना थांबते, त्याच्या कपाळावर घाम येतो, श्वास जोरात चालतो, वजन वाढत नाही आणि छातीत कफाची तक्रार पुन्हा पुन्हा होते. घरात याचा अर्थ बरेचदा ‘आईला दूध पुरत नाही’ असा लावला जातो व महत्त्वाचे महिने निघून जातात.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून पालकांची खरी परीक्षा सुरू होते. भूल दिल्यावर पोटातील दूध उलटून फुफ्फुसांत जाऊ नये म्हणून वरचे दूध ६ तास, आईचे दूध ४ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद ठेवतात. मोठ्या माणसाला उपास समजावता येतो, तान्ह्या बाळाला येत नाही. जत तालुक्यातील एका जोडप्याची हकीकत येथे नाव-गाव वगळून सांगतो. त्यांच्या मुलीची शस्त्रक्रिया सकाळी पहिली होती. पहाटे ती भुकेने रडू लागली, तशी तिची आई उठून जिन्याखाली जाऊन बसली, कारण आई जवळ असली की दुधाच्या वासाने ती अधिकच रडे. वडील तिला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या घालीत राहिले. एक तातडीचा रुग्ण आल्यामुळे शस्त्रक्रिया लांबली. पुन्हा पाणी पाजायचे की नाही, हे त्यांना विचारायचे होते. पण बोलणार कोणाशी आणि कोणत्या भाषेत? दोघांना कन्नड येत होते, मराठी अडखळत, हिंदी जवळजवळ नाही. त्यांच्या शेजारच्या खाटेवरील एका आजींना कन्नड येत होते, म्हणून निभावले. अशा वेळी योगायोगावर विसंबून राहावे लागू नये, एवढीच आमची धडपड आहे.

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाळ अतिदक्षता विभागात असते. तोंडात श्वासाची नळी, छातीत निचऱ्याची नळी, हाताला सलाईन, अशा अवस्थेत त्याला काही मिनिटेच पाहता येते आणि कुशीत घेता येत नाही. बाहेर बसलेल्या आईचे दूध मात्र थांबत नाही. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, ते काढले नाही तर छाती दुखते, गाठी होतात आणि काही दिवसांत दूध आटू लागते. मग बाळ नळीतून सुटून दूध पिऊ लागते तेव्हा पाजायला आईचे दूधच नसते. हे दूध स्वच्छ भांड्यात खोलीच्या तापमानाला साधारण ४ तास टिकते. परंतु दूध काढायला आडोसा लागतो, हात धुवायला पाणी लागते, आणि पोटात दोन घास लागतात. प्रतीक्षागृहाच्या जिन्यावर बाळंतीण बाई चहा-बिस्किटांवर दिवस काढत असेल, तर दूध येणार कोठून? आमच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग याच गोष्टींवर, म्हणजे रुग्णालयाजवळची खोली आणि दोन वेळचे गरम जेवण यांवर होतो, आणि तो तसाच व्हावा असे आमचे मत आहे.

घरी परतल्यावर धोका संपला असे सर्वांना वाटते. छातीचे मधले हाड कापलेले असते व ते सांधण्यास साधारण सहा आठवडे लागतात. या काळात बाळाला काखेत हात घालून उचलायचे नसते; एक हात मान-डोक्याखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली घालून, अलगद, आडवे उचलायचे असते. हे आई-वडील शिकून येतात. मग बाळाला पाहायला आत्या येतात, मावशी येतात, शेजारच्या काकू येतात, आणि प्रत्येकजण प्रेमाने दोन्ही काखांत हात घालूनच बाळ उचलतो. तीच गोष्ट मालिशीची, बाळगुटीची आणि धुरीची. जखम भरेपर्यंत छातीला तेल चोळायचे नाही, धुराशी बाळाला न्यायचे नाही आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याखेरीज काही चाटवायचे नाही, हे सासूबाईंना सांगणे नव्या सुनेला अवघड जाते. समितीतील निवृत्त परिचारिका घरी जाऊन आजींशीच आधी बोलतात. त्यांना बाजूला सारले तर काम बिघडते. जबाबदारी दिली तर आजीच इतरांना दारातून परतवतात, असा आमचा अनुभव आहे. औषध चमच्याच्या अंदाजाने न देता सिरिंजने मिलिलिटरमध्ये मोजून देणे, लसीकरणाचा कोणता डोस पुढे न्यायचा हे डॉक्टरांना विचारणे, आणि ताप, जलद श्वास, निळसर ओठ, जखमेतून पू किंवा दूध नाकारणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहणे, एवढे त्या भेटींत पुन्हा पुन्हा सांगितले जाते.

दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या बाळांची गोष्ट थोडी वेगळी. साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो. ओठाची शस्त्रक्रिया बहुधा तिसऱ्या महिन्याच्या आसपास, बाळाचे वजन आणि रक्त पुरेसे भरल्यावर होते. टाळूची ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. टाळू उघडी असलेल्या बाळाला ओढून दूध पिता येत नाही, म्हणून त्याला उभट धरून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने सावकाश पाजावे लागते व मध्ये मध्ये ढेकर काढावी लागते. एकेका पाजण्याला पाऊण-एक तास जातो. शस्त्रक्रियेनंतर बाळाने बोटे तोंडात घालून टाके उसवू नयेत, यासाठी कोपर वाकणार नाही अशा कापडी पट्ट्या काही दिवस दोन्ही हातांना बांधतात.

या बाळांच्या आयांना दुधापेक्षाही जड जाते ते बोलणे. ग्रहणात विळी हातात घेतली होती, भाजी चिरली होती, म्हणून ओठ चिरला, असे आजही घराघरांत म्हटले जाते, आणि म्हणणारे शिकलेलेही असतात. ओठ आणि टाळू गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात. ते न जुळण्यामागे आनुवंशिकता व इतर अनेक कारणे एकत्र असू शकतात, परंतु ग्रहण आणि विळी यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. आमच्या वाचकांपैकी कोणी अशा घरी बाळ पाहायला जाणार असेल, तर हे वाक्य त्यांनी तेथे मोठ्याने म्हणावे. यासाठी देणगी लागत नाही.

आता मागणे. एका कुटुंबाच्या खोली, जेवण आणि रिक्षा यांसाठी समितीने दिवसाला ५०० रुपये ही मर्यादा ठरविली आहे, आणि हा खर्च आम्ही शक्यतो रोख न देता खानावळीला व खोलीवाल्याला परस्पर देतो. आपण एक दिवसाचा, एक आठवड्याचा किंवा जमेल तितका भार उचलावा. देणगीवर आयकराची सवलत मिळेल अशी पावती आम्ही देऊ शकत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. कोणत्याही सदस्याच्या वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवू नयेत.

वस्तूंमध्ये पुढून बंद बांधायची सुती झबली हवी आहेत, कारण डोक्यावरून घालायचे कपडे जखमेच्या बाळाला चालत नाहीत. धुऊन मऊ झालेली सुती लुगडी व धोतरे दुपट्यांसाठी उपयोगी पडतात. कोपराच्या पट्ट्या शिवून देऊ शकतील अशा बचत गटांनी अवश्य कळवावे. कापडाच्या कप्प्यांत लाकडी चपट्या काड्या घालून त्या तयार होतात आणि नमुना आमच्याकडे आहे. हाताने चालणारे दूध काढण्याचे पंप मात्र नवेच द्यावेत, वापरलेले नकोत. दुधाच्या पावडरीचे डबे आणि दूध पाजण्याच्या बाटल्या कृपया आणू नयेत. हेतू चांगला असला तरी १९९२ च्या कायद्याने त्या आयांना फुकट वाटण्यास मनाई आहे, आणि दूध टिकवू पाहणाऱ्या बाईच्या हातात डबा देणे तिच्या हिताचेही नाही.

माणसांची गरज सर्वांत मोठी आहे. कन्नड बोलणारे, फोनवरून दुभाष्याचे काम करतील असे लोक हवेत. पुण्यात नोकरीस असलेली आपली मुले-सुना भल्या पहाटे स्वारगेटला उतरणाऱ्या कुटुंबाला रुग्णालयापर्यंत पोहोचवू शकली तर फार बरे होईल. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त लागते; १८ ते ६५ वर्षांचे, किमान ४५ किलो वजनाचे निरोगी नागरिक, जे पुणे किंवा कोल्हापुरात राहतात, त्यांनी आपला रक्तगट आमच्याकडे नोंदवून ठेवावा. आई-वडील रुग्णालयात असताना घरी राहिलेल्या थोरल्या भावंडांची शाळा आणि जेवण पाहणारे शेजारी हवेत. शेतमालक व ठेकेदारांनी अशा मजुराला दिलेल्या उचलीच्या फेडीचा हप्ता त्या महिन्यापुरता पुढे ढकलला, तर तीही आम्ही देणगीच समजू.

देणगी व वस्तू रविवारखेरीज कोणत्याही दिवशी सायंकाळी ५ ते ७ या वेळेत समितीच्या कार्यालयात स्वीकारल्या जातील व त्याच वेळी पावती दिली जाईल. दरमहाचा जमाखर्च कार्यालयाच्या फलकावर लावला जातो. त्यात कुटुंबांची नावे व बाळांची छायाचित्रे नसतात आणि ती कोणी मागू नयेत.

ज्यांना स्वतःच्या बाळासाठी साहाय्य हवे आहे त्यांनी रेशनकार्ड, आधारकार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि डॉक्टरांनी पुढे पाठविल्याची चिठ्ठी घेऊन यावे. कागद अपुरे असले तरी यावे. ते जमविण्यास आम्ही मदत करू. योजनेविषयी थेट चौकशी १५५३८८ या शासकीय क्रमांकावर किंवा रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राकडे करता येते. शिफारसपत्राची किंवा कोणाच्या ओळखीची आवश्यकता नाही.

आपले,
कार्यवाह व सर्व सदस्य