बिनपाण्याची हजामत आम्ही करत नाही

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लोकांच्या आक्षेपांमुळे नावं बदलावी लागलेल्या चित्रपटांवरचा लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. त्यात 'बिल्लू बार्बर'चा उल्लेख आहे. सलूनवाल्यांनी एका साध्या विनोदी चित्रपटावर उगाच आकांडतांडव केलं, असा लेखकाचा सूर आहे. मी तेवीस वर्षं या धंद्यात आहे, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारी 2009 मध्ये चित्रपट आला, तेव्हा मी पुण्यात एका सलूनमध्ये कारागीर होतो. मुंबईच्या सलून संघटनेने 'बार्बर' शब्दाला हरकत घेतली, चित्रपट काढणाऱ्या शाहरुख खान यांनी ती मान्य केली आणि पोस्टरवरचा दुसरा शब्द झाकला गेला. त्या आठवड्यात खुर्चीत बसणारं प्रत्येक गिऱ्हाईक हसत विचारायचं, 'काय रे, तुम्हाला न्हावी म्हटलं तर राग येतो का?' माझे शेठ उत्तर न देता कात्री चालवत राहायचे.

सोमवारी दुकान बंद, म्हणून आम्ही तिघं कारागीर चित्रपटाला गेलो. न्हाव्याच्या भूमिकेतले इरफान खान पडद्यावर आले. अजून विनोद असा काही घडलाच नव्हता. नुसतं दुकान दिसलं, आरसा दिसला, आणि थिएटरात हशा पिकला. आमच्या शेजारच्या रांगेतले लोकही हसत होते. त्या अंधारात आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. आक्षेप त्या हशाला होता, संपादक महोदय. शब्द फक्त पोस्टरवर होता म्हणून तो हाताशी लागला.

लेखात एक गोष्ट राहून गेली आहे. हीच कथा आधी मल्याळममध्ये 2007 साली येऊन गाजली होती, 2008 साली तमिळमध्येही आली. तमिळ चित्रपटाचं नाव 'कुसेलन', म्हणजे आपला सुदामा. मल्याळम नावातही धंद्याचा उल्लेख नाही. कथा मुळात कृष्ण-सुदाम्याची आहे. जुना मित्र मोठा नट होऊन गावात येतो आणि मुलांच्या फीला महाग झालेल्या माणसाची त्याच्याकडे जायला जीभ रेटत नाही. हिंदीत येताना मात्र नावात धंदा घालावासा वाटला. का, याचं उत्तर त्या हशात आहे. तेव्हाच्या परीक्षणांत इरफान यांचं कौतुक झालं ते योग्यच झालं, कारण त्यांनी तो माणूस हसण्यावारी नेला नाही. शेवटी मी रडलो.

आता थोडं आपल्या वर्तमानपत्राविषयी. क्रिकेटमध्ये कोणी दणकून हरलं की आपल्या क्रीडा पानावर 'बिनपाण्याने हजामत' असा मथळा येतो. मी चार कात्रणं जपून ठेवली आहेत. हा शब्दप्रयोग मराठीत पिढ्यान्‌पिढ्या आहे, हे मला माहीत आहे. पण बिनपाण्याने म्हणजे काय, ते एकदा आमच्याकडून ऐका. दाढीचा केस कोरडा असला की तारेसारखा ताठ असतो. आम्ही कोमट पाणी लावतो, ब्रशने फेस करतो, केस मऊ पडेपर्यंत थांबतो, डाव्या अंगठ्याने कातडी ताणतो आणि मग वस्तरा टेकवतो. शेवटी तुरटी. माझ्या आजोबांच्या धोकटीत वस्तऱ्याइतकाच पाण्याच्या वाटीला मान होता.

दर रविवारी सकाळी मी एका निवृत्त गुरुजींच्या घरी जातो. त्यांची मान सतत हलते. एका हाताने हनुवटी धरायची, कंप थांबण्याची वाट बघायची, तो एक श्वासभर थांबला की दोन बोटं रुंदीचा पट्टा काढायचा, पुन्हा थांबायचं. गळ्यापाशी ते डोळे मिटून घेतात. एका दाढीला पाऊण तास लागतो. आजवर त्यांना एकदाही कापलेलं नाही.

याच धंद्यातल्या माणसांनी 1890 साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या साथीने संप करून सांगितलं होतं, की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. रोजची कमाई पणाला लावून दिलेला तो नकार होता. त्यावर कोणी चित्रपट काढला तर पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला मी दुकान बंद ठेवून जाईन.

सलूनवर विनोदी चित्रपट काढू नका, असं माझं मुळीच म्हणणं नाही. आमच्या दुकानात दिवसभर हसणं चालतं. निवडणुकीच्या निकालापासून सुनेच्या स्वयंपाकापर्यंत सगळे विषय निघतात. गिऱ्हाईक आणि कारागीर दोघं मिळून हसतात, तसा विनोद पडद्यावर आला तर आम्हालाच सगळ्यात जास्त आवडेल. परीक्षण लिहिणाऱ्यांनी एवढंच बघावं, की हसू माणसाच्या बोलण्यावर येतंय की त्याच्या हातातल्या वस्तऱ्यावर.

आणि क्रीडा पानाच्या संपादकांना माझा निरोप द्यावा. पुढचा मथळा करण्याआधी त्यांनी कराडला यावं. पाणी मी कोमट करून ठेवतो.

आपला नियमित वाचक,
एक सलून व्यावसायिक, कराड (जि. सातारा)