आपल्या ॲपवरील युरोपीय परवान्याच्या दाव्याबाबत तक्रार

दिनांक : 12 फेब्रुवारी 2026
आइंडहोव्हन, नेदरलँड्स

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : परवाना नेमका कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या सेवांसाठी, याचे लेखी उत्तर न मिळाल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या क्रिप्टो ॲपच्या पहिल्याच स्क्रीनवर 'मिका परवानाधारक, संपूर्ण युरोपात मान्य' असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. मिका म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो-मालमत्तांच्या बाजारासाठीचा युरोपीय संघाचा नियम. हा परवाना कोणत्या कंपनीच्या नावे आहे, तो कोणत्या देशाच्या प्राधिकरणाने दिला आणि कोणकोणत्या सेवांसाठी दिला, एवढेच मी गेल्या महिन्यापासून विचारतो आहे. उत्तरे बरीच आली, पण या तीन गोष्टींपैकी एकही त्यांत नव्हती. म्हणून आता रीतसर तक्रार करत आहे.

मिका नियमातील कलम 71 प्रमाणे तक्रारीचा नमुना कंपनीने ग्राहकाला उपलब्ध करून द्यायचा असतो. आपल्या ॲपमध्ये तो मला सापडला नाही, म्हणून साधे पत्र लिहितो आहे. आपली जाहिरात मराठीत होती आणि आपला प्रतिनिधीही माझ्याशी मराठीतच बोलला, तेव्हा पत्रही मराठीतच आहे. भाषांतर हवे असल्यास आपण आपल्या खर्चाने करून घ्यावे.

आपल्या ग्राहक सेवेने मला पहिल्यांदा कळवले की कंपनी 'डच मध्यवर्ती बँकेकडे नोंदणीकृत' आहे. ती नोंदणी 2020 पासून होती आणि मनी लाँडरिंग व दहशतवादाला होणारा अर्थपुरवठा रोखण्याच्या कायद्याखालची होती. ग्राहकाची मालमत्ता कंपनी कशी सांभाळते, याच्याशी तिचा संबंध नव्हता. क्रिप्टो-सेवा देणाऱ्यांसाठी मिका 30 डिसेंबर 2024 पासून लागू झाला आणि नेदरलँड्समध्ये परवाना देण्याचे काम वित्तीय बाजार प्राधिकरणाकडे, म्हणजे एएफएमकडे गेले. जुनी नोंदणी दाखवून नवा परवाना असल्याचे भासवू नये.

हे लिहून पाठवल्यावर उत्तर बदलले. 'संक्रमणकाळ 1 जुलै 2026 पर्यंत आहे, तोवर जुन्या नोंदणीवर सेवा देता येते,' असे सांगण्यात आले. 1 जुलै 2026 ही कमाल मुदत आहे. ती कमी करण्याची मुभा प्रत्येक सदस्य-देशाला होती. जर्मनीने बारा महिने दिले, नेदरलँड्सने फक्त सहा. म्हणजे येथील मुदत 30 जून 2025 रोजीच संपली. आणि मुळात, आपल्याकडे परवाना असेल तर संक्रमणकाळाचा आधार घ्यायचे कारण काय? ॲपवर एक आणि ईमेलमध्ये दुसरे, यांतले खरे कोणते ते तरी ठरवा.

तिसरे उत्तर असे की, 'एस्माच्या (पॅरिसच्या युरोपीय रोखे व बाजार प्राधिकरणाच्या) काळ्या यादीत आमचे नाव नाही.' नसेल. पोलिसांच्या यादीत नाव नाही म्हणून कोणाला गाडी चालवण्याचा परवाना मिळत नाही. त्याच ईमेलसोबत बारा ताऱ्यांचा निळा झेंडा आणि एस्माचे नाव असलेले 'प्रमाणपत्र' जोडले होते. एस्मा क्रिप्टो-सेवा देणाऱ्या कंपन्यांना परवाना देतच नाही. परवाना त्या-त्या देशाचे प्राधिकरण देते आणि एस्मा सगळ्यांची नोंदवही ठेवते. मग हे प्रमाणपत्र तयार कोणी केले, याचे स्वतंत्र उत्तर मला हवे आहे.

शेवटी मी ती नोंदवही स्वतः उघडली. एस्माच्या संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येते. पाच फायली आहेत. परवानाधारक सेवादात्यांची एक आणि नियम न पाळणाऱ्यांची वेगळी. परवानाधारकांच्या फाइलमध्ये परवाना देणारे प्राधिकरण, कंपनीचे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, कंपनी ओळखण्याचा वीस अक्षर-अंकांचा एलईआय कोड, संकेतस्थळ, सेवा आणि त्या कोणकोणत्या देशांत देता येतात, असे रकाने आहेत. आपल्या नावाशी मिळतीजुळती एक कंपनी त्यात आहे. ती दुसऱ्या सदस्य-देशातली आहे आणि तिच्या देशांच्या यादीत नेदरलँड्सही आहे. एवढे आपल्या बाजूने मान्य करतो. माझी तक्रार सुरू होते ती पुढच्या रकान्यांपासून.

मिकाने दहा सेवा ठरवल्या आहेत आणि नोंदवहीत त्या 'ए' ते 'जे' अशा अक्षरांनी दाखवल्या जातात. त्या कंपनीला तीनच सेवांची परवानगी आहे : पैशांच्या बदल्यात क्रिप्टो, क्रिप्टोच्या बदल्यात क्रिप्टो आणि हस्तांतर. 'ए', म्हणजे ग्राहकाची क्रिप्टो-मालमत्ता सांभाळणे, ज्याला सगळे कस्टडी म्हणतात, तिच्यापुढे नाही. माझे सुमारे 4,200 युरोंचे बिटकॉइन मात्र आपल्याच वॉलेटमध्ये आहेत आणि त्यांच्या खासगी चाव्याही, म्हणजे ज्या गुप्त कोडशिवाय ते हलवता येत नाहीत तेही, आपल्याकडेच आहेत. ही कस्टडी नाही, तर काय आहे? शिवाय नोंदवहीतले संकेतस्थळ वेगळे आहे आणि मी रोज उघडतो ते वेगळे.

मग आपल्या अटी व शर्ती पुन्हा वाचल्या. करार या परवानाधारक कंपनीशी नाहीच. तो आपल्या समूहातील युरोपीय संघाबाहेर नोंदलेल्या वेगळ्याच कंपनीशी आहे आणि मालमत्ता 'समूहातील कोणत्याही संस्थेकडे' ठेवण्याचा अधिकार तिने स्वतःकडे घेतला आहे. हा फरक निव्वळ तांत्रिक नाही. कलम 75 प्रमाणे कस्टडी देणाऱ्याने ग्राहकांची मालमत्ता स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवायची असते, म्हणजे उद्या कंपनी बुडाली तर धनको त्या मालमत्तेला हात लावू शकत नाहीत. कंपनीच्या चुकीने क्रिप्टो गेले, तर त्या वेळच्या बाजारभावापर्यंत ती भरून देण्यास बांधील असते. मालमत्ता दुसऱ्याकडे ठेवायची, तर तो दुसराही परवानाधारकच असावा लागतो आणि ग्राहकाला तसे कळवावे लागते. परवाना एका कंपनीचा, करार दुसरीशी आणि चाव्या तिसरीकडे, अशी रचना असेल तर यातले कोणते संरक्षण माझ्या वाट्याला येते? आपला प्रतिनिधी फोनवर 'दादा, युरोपात एक लाख युरोपर्यंत गॅरंटी असते, टेन्शन घेऊ नका,' असे म्हणाला होता. ती हमी बँकेतील ठेवींना असते, बिटकॉइनला नाही. त्याला हे ठाऊक नसेल, तर आधी त्याला शिकवा. ठाऊक असूनही तो तसे बोलला असेल, तर ती माझी वेगळी तक्रार समजावी.

आता ज्या मुद्द्याचा मला सर्वांत जास्त राग आहे, तो. खाते उघडताना एका चौकटीत खूण करावी लागते. तिच्याशेजारी बारीक अक्षरांत लिहिले आहे : 'मी पूर्णपणे स्वतःच्या पुढाकाराने या सेवेची मागणी केली आहे.' खूण केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. हे वाक्य तिथे का आहे, ते उघड आहे. कलम 61 प्रमाणे संघाबाहेरची कंपनी परवान्याविना सेवा देऊ शकते ती फक्त ग्राहक निव्वळ स्वतःहून आला तरच. मी स्वतःहून आलो नव्हतो. येथील मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमाचे प्रायोजक आपण होता. फराळाच्या टेबलाला लागून आपला स्टॉल होता आणि नाव-नंबर लिहून घेऊन दुसऱ्या दिवशी आपणच फोन केलात. प्रायोजकत्व, जाहिरात, समाजमाध्यमांवरील प्रभावकांकडून केलेला प्रचार हे सगळे ग्राहकाला गाठणेच आहे, असे एस्माच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. करारात काहीही लिहून घेतले तरी त्यातून सुटका नाही, हे कलम 61 मध्येच आहे. माझ्या नावाने केलेली ती नोंद खोटी आहे आणि ती मला मान्य नाही.

'कमाई योजने'बद्दल थोडक्यात. त्या योजनेत क्रिप्टो उसने दिले जातात. क्रिप्टो उसने देणे-घेणे मिकाच्या कक्षेत येत नाही, तरी योजनेच्या पानावर परवान्याचा शिक्का आहेच. नियमनाबाहेरच्या वस्तू परवान्याच्या नावावर विकू नका, असे एस्माने जुलै 2025 मध्येच सेवादात्यांना बजावले होते. मी त्या योजनेत एक पैसाही ठेवलेला नाही. पण माझ्या ओळखीच्या काहींनी तो शिक्का पाहूनच ठेवला आहे.

माझ्या मागण्या अशा. माझी मालमत्ता आज ज्या कंपनीच्या ताब्यात आहे तिचे कायदेशीर नाव, एलईआय कोड, परवाना देणारे प्राधिकरण आणि मंजूर सेवा लेखी कळवाव्यात. माझे सर्व बिटकॉइन मी दिलेल्या माझ्या वॉलेटवर कोणतेही शुल्क न कापता पाठवावेत. माझी ओळख-पडताळणी खाते उघडतानाच झाली आहे, तेव्हा ती पुन्हा करायचे कारण पुढे करू नये. 'स्वतःच्या पुढाकाराने' ही नोंद माझ्या खात्यातून काढावी. आणि वरील माहिती जुळत नसेल, तर ॲपवरचा दावा उतरवावा.

पंधरा दिवसांत मुद्देसूद उत्तर न आल्यास हे पत्र, आपले सर्व ईमेल, ते प्रमाणपत्र आणि नोंदवहीतील संबंधित ओळ मी एएफएमकडे आणि नोंदवहीतल्या कंपनीच्या देशातील प्राधिकरणाकडे पाठवणार आहे. प्रमाणपत्राची प्रत एस्माला आजच पाठवत आहे.

उत्तर ईमेलनेच द्यावे. फोन करू नये.

आपला ग्राहक,
(स्वाक्षरी)

सोबत : खात्याचा तपशील, ईमेलच्या प्रती, 'प्रमाणपत्रा'ची प्रत, अटी व शर्तींची आजच्या तारखेची प्रत, स्टॉलवर मिळालेले मराठी पत्रक